कॅल्शियमच्या पोत्याचं पाणी

मंगळवार संध्याकाळ, बेंबळी

आज मी कामाला आहे त्या खताच्या दुकानात मालक बापूंनी गिऱ्हाइकांदेखत झापलं. परवा कॅल्शियम नायट्रेट सुटं मोजून दिलं आणि पोत्याचं तोंड बांधायचं राहिलं. हवा ही अशी दमट, वरच्या पांढऱ्या दाण्यांचा पार चिखल झाला, फरशीवर पाणी आलं. बापू म्हणाले, "आरं, कॉलेजात हेच शिकलास व्हय?" मी सुतळीचा गुंडा फेकून बाहेर आलो.

हेच तर शिकलो होतो! रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मी आणि वैशाली एकाच वजनकाट्यावर. मी बडबडत बसायचो, तोवर काचेवरच्या कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या हवेतला ओलावा पिऊन चिकट व्हायच्या. ती बरणीचं झाकण घट्ट लावत म्हणायची, "तुझं बोलणं संपंपर्यंत ह्याचं पाणी व्हतंय बघ." मग पुन्हा मोजायचं. मला तेच पाहिजे असायचं. सरांशी भांडून कॉलेज सोडलं, पण भांडण कमी आठवतं, ती ओली काच जास्त.

काल तिचा तिच्या गावाहून, जळकोटहून फोन आला. रविवारी तिला बघायला पाहुणे येणारेत. म्हणाली, "तुला काही बोलायचंय का?" आणि मी भडकून फोन ठेवला. का? तिच्यावर थोडाच राग होता?

आत्ता मीच तिला फोन लावला. म्हटलं, "उद्या येऊन तुझ्या वडलांशी बोलतो."

ती म्हणाली, "ये. पण आवाज चढवलास तर मीच हाकलीन."

बापूंकडं उद्याची सुट्टी मागितली. "कशाला?" म्हणाले.

सगळं सांगितलं. आवाज न चढवता.