तळ्यातले अनंत जीव

२७ एप्रिल

परवाच तळं उपसून घासलं होतं. आज पुन्हा हिरवंगार! फिल्टर चोंदला, रोपांवर धुकं फवारणारे फॉगर बंद. नर्सरीतला गडी झुलाल पंपावरून ओरडत आला — "ताई, बठ्ठ्या नळ्या तुंबी ग्यात."

बाहेर त्रेचाळीस. शेडनेटखाली केळीची चाळीस हजार रोपं, सगळी जामनेरच्या रतिलाल आबांची. ते मृगाला बाग लावणार. ही ऑर्डर फसली तर माझी नर्सरी बंद आणि जागा गोडाऊनला. घरात ठरलंच आहे, फक्त माझ्या तोंडावर कुणी बोलत नाही.

उपाय साधा. पाव किलो मोरचूद पाण्यात, शेवाळ खलास. पण जमीन सासूबाईंची, आणि तीन वर्षांपूर्वी मला देताना त्यांची एकच अट होती — इथे जाणूनबुजून जीव मारायचा नाही. मी लगेच मान डोलावली. तेव्हा माझ्या डोक्यात उंदीर होते.

२८ एप्रिल

सासूबाईंना विचारून पाहिलं. "शेवाळ? ते अनंतकाय. सुईच्या टोकाएवढ्या शेवाळात अनंत जीव असतात, रूपल." म्हटलं, मम्मीजी, आपलं तळं पन्नास फूट लांब आहे. म्हणाल्या, "तेच तर."

चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नाही. चाळीस वर्षांत बटाटा खाल्लेला नाही या बाईने. मीही जैन घरातलीच, पण शेवाळाचा एवढा विचार कधी केला नव्हता.

१ मे

सासूबाईंनीच तोडगा काढला. घरी पिण्याचं पाणी कापडातून गाळतात आणि कापडावर राहिलेले जीव मूळ पाण्यात परत सोडतात. तसंच इथे करायचं.

झुलालने दोन धोतरं जोडून दिवसभर तळं गाळलं. संध्याकाळी सगळं शेवाळ परत तळ्यात! सासूबाई काठावर खुर्ची टाकून — "हळू सोड रे." झुलालने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, मंग काढानं कसाले?"

मी त्याला तासाभराची मजुरी जास्त दिली.

४ मे

नवा तह. शेवाळ दुसऱ्या पाण्यात सोडलं तरी चालेल. मग शेडमागे खड्डा खणला, ताडपत्री अंथरली, टँकर मागवला. शेवाळासाठी टँकर! आणि रोपांना आम्ही तिघी-चौघी झारीने पाणी घालतोय. कंबर मोडली.

७ मे

सासूबाईंच्या सांगण्यावरून खड्ड्यावरही शेडनेट बांधून झालं. "उन्हाचा त्रास होत असेल त्यांना."

म्हटलं, मग तळ्यावर काळं प्लास्टिक अंथरू, उजेड मिळाला नाही की शेवाळ वाढत नाही. "म्हणजे कोंडून उपाशी मारायचं?" विषय संपला.

११ मे

खड्ड्यात शेवाळ छान धरलंय. तळ्यातही पुन्हा छान धरलंय.

१४ मे

रतिलाल आबा आले. पानं उलटीपालटी करून पाहिली. "पोरी, कडा करपल्या की. मृगाले बाग लावनी आहे मले. पंचवीस तारखेला फिरून येतो, नाही तर रावेरहून उचलतो." त्यांचं काय चुकलं?

निघताना त्यांना शेडनेटखालचा खड्डा दिसला. कोणतं नवीन वाण, म्हणाले. मी सगळं सांगून टाकलं. ते मग चपला हातात घेऊन, लांबून वळसा घालून गाडीकडे गेले.

१७ मे

नऊ हजार रोपं गेली.

१८ मे

सासूबाईंना वाळलेले ट्रे दाखवले. हे जीव नव्हते का, विचारलं. "होते. पण एका रोपात एकच जीव."

मी ओरडले. लग्नाला बारा वर्षं झाली, पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. एकेक रोप माझ्या हाताखालून गेलंय मम्मीजी, माझ्याकडे हे सोडून दुसरं काही नाही, हे गेलं तर मी त्या घरात नुसती पोळ्या लाटत बसेन — असं काय काय बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि रिक्षा बोलावून घरी गेल्या.

मग मी शेडमध्ये बसून रडले. त्या ढोंगी असत्या तर मनसोक्त भांडता तरी आलं असतं.

२२ मे

तळं नितळ! तळाचं प्लास्टिक दिसतंय, सगळे फॉगर चालू, उरलेली रोपं तरारली. झुलालला मी पंधरा मिनिटं भाषण दिलं. गाळण्यातलं सातत्य, चिकाटी, शास्त्र. तो आपला पायाकडे बघत उभा.

घरी सासूबाईंचा तेल्याचा उपास संपला. तीन दिवस नुसतं उकळलेलं पाणी. माझ्यावर रुसूनच केला असणार. रुसू देत.

२५ मे

आबांनी एकतीस हजार रोपं पसंत केली. नर्सरी वाचली!

झुलालला पेढा दिला तर घेईना. "मोठ्या अक्कानी सांगेल व्हतं, ताईले सांगू नको." आमच्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई एकट्या रिक्षाने आल्या होत्या. मोरचूद स्वतः दुकानातून आणला होता. झुलालला हात लावू दिला नाही, काठाने फिरून स्वतःच्या हाताने टाकला.

घरी आले. त्या पाटावर बसून माळ जपत होत्या. म्हटलं, मम्मीजी, त्या पापातलं अर्धं माझं.

त्या म्हणाल्या, "अनंताचं अर्धं केलं तरी अनंतच राहतं, बेटा. माझं कमी होणार नाही, तुझं उगाच वाढेल."