वरच्या खोलीतली लेखिका

३ जानेवारी
वरची खोली अखेर गेली. भाडेकरू अमेरिकन, काळी, साठीची. डेलोरेस नाव. कादंबऱ्या लिहिते. तिच्याच गावातल्या शाळेनं तिची पुस्तकं कपाटातून काढली, व्याख्यानं रद्द झाली, म्हणून बाई देश सोडून निघाली. आधी पॅरिस, आता आमची नारपोली. मोकळेपणानं लिहायचंय म्हणे! इथं गल्लोगल्ली कापड विणणारे लूम, त्यांच्या खडखडाटात स्वतःचा विचारही ऐकू येत नाही.

६ जानेवारी
भांड्यांना येणारी रंगूबाई म्हणाली, "दिसभर लिवतेच हाय. दुसरं काम न्हाय काय तिला?"
रंगूबाईशी पहिल्यांदाच माझं एकमत झालं.

११ जानेवारी
डेलोरेसला चहाला बोलावलं. म्हणाली, "तिकडं पेन टेकवलं की कोण चिडेल हेच आधी डोक्यात यायचं. इथं येत नाही."
येईल कसं? इथं तुला वाचतं कोण? पाहुण्याला सगळीच गावं मोकळी. तिच्याआधीही कितीतरी काळे अमेरिकन लेखक असेच परदेशी जाऊन राहिले, हे अभिमानानं सांगत होती. पळपुट्यांची परंपरा! मी बिस्किटं पुढे केली.

१९ जानेवारी
कॉलेजच्या वार्षिकांकाची संपादक मीच. बारावीतल्या अफीफाचा लेख आलाय — वडील तीस वर्षं लूमवर, कान गेले, मालकानं हात वर केले. प्राचार्य म्हणाले, "मालकाचा परिच्छेद काढा, मॅडम. ते आपले देणगीदार."
काढला. एवढं काय त्यात. भाषाही जरा कच्चीच होती.

२० जानेवारी
भाषा कच्ची नव्हती.

२४ जानेवारी
डेलोरेसला तो लेख इंग्रजीत सांगितला. का, कोण जाणे. कापलेला भागही सांगितला.
"कोणी कापला?"
"मी."
तिनं पेनाला टोपण लावलं. मग शांतपणे म्हणाली, "माझी पुस्तकं कपाटातून काढणारी ग्रंथपाल मोठी सज्जन बाई होती. नंतर केक घेऊन घरी आली होती."
तीन आठवड्यांची भाडोत्री, आणि मला शिकवते. तिला काय, उद्या बॅग उचलेल. मला इथंच नोकरी करायचीय, याच लोकांत.
जेवण गेलं नाही.

२ फेब्रुवारी
अंक छापून आला. अफीफाचा लेख पूर्ण आहे. शेवटची प्रुफं मीच तपासून दिली होती. प्राचार्यांनी अकरा वाजता बोलावलंय.