रबरी चपला

विश्रामबाग, शनिवार संध्याकाळ

खोली लहान पडते म्हणून वाद्यं कमी करतेय. ड्रम मशीन गेलं, एक कीबोर्ड गेला. आज सकाळी जुना सिंथेसायझर म्हसवडच्या माझ्या चुलतभावाला, धनाजीदादांना दिला, त्यांच्या भजनी मंडळासाठी. पुसून, वायरी गुंडाळून दिला. आत्ता टेबलाखाली माझ्या रबरी चपला दिसल्या आणि आठवलं. त्या सिंथेसायझरच्या पत्र्याला करंट येतो. चपला घालूनच वाजवायची इतकी सवय झाली होती की सांगायचं राहिलं. घरात शिकलेली मी एकटी, आणि हे विसरले?

फोन केला. त्यांच्या बायकोने उचलला.

"आवं ताई, फोन घरातच इसरून गेल्यात. तुमची ती पेटी घिऊन देवळात बसल्यात. लय खूश हायती!"

"वहिनी, त्यांच्या पायात चपला आहेत ना?"

त्या हसल्या. "देवळात कोण चपला घालतं व्हय?"

मी करंटचं सांगितलं. त्यांचं हसणं थांबलं. "पळतेच," म्हणाल्या आणि फोन तसाच टाकून गेल्या.

फोन अजून चालू आहे. कानाला लावूनच लिहितेय. लांबून टाळ ऐकू येत होते. आता थांबले.

वहिनी पोहोचल्या म्हणूनच थांबले असतील ना?