कलेक्टरेटपुढची साहेबीण

प्रिय बाबा,

तुमी गेल्यापासून तुमाले चिठ्ठी लिहावी असं मले एकदाही वाटलं नाही. तेरवीले नाही, तुमचे कपडे बांधून ठेवले तवा नाही. आज लिहून राह्यली, काहून की परवा आन् काल मिळून तुमी माह्या जिवाले एवढा ताप दिला की आता बोलल्याशिवाय राहवत नाही. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणते आई. मंग मेलेल्या माणसानंही जायच्या आधी थोडं सांगून जायले पाहिजे ना जी!

दुपारचे तीन वाजले आहेत. मी बसस्टँडवर आपल्या व्हॅनमध्ये बसली आहे, ड्रायवरच्या सीटवर. हौ, ड्रायवरच्या. लिहायले कागद नव्हता म्हणून तुमचेच पर्चे घेतले, पाठीमागून कोरे आहेत. ‘बालाघाट रोशनी दर्शन, टॅक्सीने, माहितीसहित.’ किती छापून ठेवले जी हे? सीटखाली हात घालावा तर पर्चे, डिक्की उघडावी तर पर्चे. आई तर परवा त्याच्यावर फोडणीचा डबा ठेवून राह्यलती.

माहितीसहित! या एका शब्दानंच माहा घात केला.

यंदा आपल्या घरी दिवाळी नाही, हे तुमाले सांगायले नको. दाराशी कंदील नाही, फराळ नाही, अंगणात पणती नाही. मी व्हॅनची काच पुसून राह्यली तशी आई म्हणे, “घरात अंधार, आन् तू गावाले उजेड दाखवत फिर.” मी म्हणलं, गाडी उभ्यानं सडून राह्यली, आन् भाऊबीजेले आलेल्या लेकीबाळी दर वर्षी विचारतात, रोशनीवाली गाडी कुठं आहे म्हणून. जाताना आईनंच पाण्याची बाटली आणून दिली.

गाडीचं तर बोलूच नका. गल्लीतल्या सगळ्या पोट्ट्याईले तुमी स्टेअरिंग धरायले शिकवलं. त्या बंडूले शिकवलं, ज्याले सायकल सांभाळत नव्हती! आन् मी म्हणलं की तुमचं एकच, “तुले काहून पाहिजे? तू साहेबीण होशील, तुले सरकार ड्रायवर देईन.” मी कोचिंगच्या नावाखाली दोन महिने ड्रायविंग शिकली आन् लायसन काढलं. सात वर्षं ते लायसन मी गव्हाच्या डब्यामागं लपवून ठेवलं. चोरीचं सोनं असल्यावाणी! आता तुमाले सांगून राह्यली, रागवायचं असन तर रागवा.

तर परवा, पाडव्याच्या संध्याकाळी, पहिली फेरी काढली. भरवेलीची एक आजी, तिचा लेक आन् सून. हट्टा गावच्या एक काकू, त्यांच्या दोन लेकी आन् चार लेकरं. सगळे तुमचे जुने गिऱ्हाईक. मी डॅशबोर्डवरचा तुमचा माईक चालू केला. आवाज असा घरघर करते की मले वाटलं गाडीचंच काही तुटलं. तुमी एवढे वर्षं हे कसं चालवलं जी?

मी जे खरं आहे ते सांगतलं. काली पुतली चौक आला, मी म्हणलं, हा काली पुतली चौक, यंदा मधातल्या पुतळ्याभोवती निळ्या लायटाच्या झालरी लावल्या आहेत. मेन रोडवरच्या व्यापाऱ्याचं तीन मजली घर आलं, मी म्हणलं, हे घर, वरपासून खालपर्यंत लायटिंग. मंग एका लेकरानं विचारलं, “बस? इतना ही?”

हट्ट्याच्या काकू म्हणल्या, “पुतली मान फिरवते ते नाही सांगतलं वो तू?”

“कोणती मान?”

“लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ज्या घरी भांडण नाही झालं, त्या घराकडं पुतली मान फिरवते. तुझ्या बाबानं सांगतलं आहे. आन् त्या व्यापाऱ्याच्या घरी नातू झाला की एक माळ वाढवतात, नात झाली की दोन.”

बाबा! तुमी लोकाईले गाडीत बसवून हे सांगत होते? मले वाटे तुमी शहराची माहिती सांगता. मी कित्येक जणाईले मोठ्या तोऱ्यात सांगतलं आहे की माहे बाबा गाईड आहेत!

पुढं मोती तालाब. तिथं तर हद्दच झाली. पाण्यात कोणी तरी पणत्या सोडल्या होत्या, चांगल्या दिसत होत्या. मी म्हणलं, उतरा, पाहून घ्या, दहा मिनिटं. काकू काठावर जाऊन उभ्या राह्यल्या आन् एकेक पणती डोळे बारीक करून पाहू लागल्या. मी म्हणलं, काय हरवलं? तर म्हणे, “माही पणती शोधून राह्यली. आमच्या हट्ट्याच्या बावडीतून इथपर्यंत भुयार आहे ना. धनतेरसले बावडीत पणती सोडली की पाडव्यापर्यंत मोती तालाबात निघते. मांगच्या साली तुझ्या बाबानं मले माही पणती दाखवलती. काठ थोडा फुटका होता, मी लगेच ओळखली.”

बावडी त्यांच्या गावची! जन्म गेला त्यांचा त्या विहिरीच्या पायऱ्या चढण्याउतरण्यात! आन् त्याच मले भुयार समजावून सांगून राह्यल्या. मी तोंड उघडलं होतं सांगायले, की काकू, भुयार-बियार काही नाही, माहा बाप थापाड्या होता. पण त्यांचा चेहरा पाह्यला आन् तोंड मिटून घेतलं. एक पणती दाखवून म्हणलं, “ते पाहा, ते असन.” हौ, मी बोलली थाप. पहिल्याच दिवशी.

इथपर्यंत मी हसलीही असती, बाबा. खरंच सांगते. पण मंग तुमचा शेवटचा टप्पा आला.

कलेक्टरेटवर दिवाळीच्या आन् राज्याच्या स्थापना दिवसाच्या मिळून झालरी लागलेल्या होत्या, सगळी इमारत पिवळी झाली होती. मी गाडी हळू केली आन् म्हणलं, हे कलेक्टरेट. वापस बसस्टँड. तर मागून भरवेलीची आजी म्हणे, “अवो, थांब ना. इंजिन बंद कर. साहेबीणचं सांग.”

“कोणती साहेबीण, आजी?”

“तुझी थोरली बहीण. परीक्षा पास होऊन भोपाळले साहेबीण झाली, ते. असाच बंगला आहे ना तिले? दिवाळीले सुट्टी नाही भेटत म्हणून तुझा बाप इथं गाडी उभी करे, आन् तिचं सांगे. मंग आमी सगळे तिच्यासाठी हात जोडत होतो.”

हात जोडत होते, बाबा! गाडीभर लोकं, दर दिवाळीले!

तुमाले लेक एक. ते मी. तीन डाव पीएससीचा पेपर दिला आन् तिन्ही डाव पडली. हे मले माहीत, आईले माहीत, आन् मी समजत होती की तुमालेही माहीत आहे.

आजी म्हणे, “तू लहानी काय?” आन् माह्या तोंडातून निघालं, “हौ.” एवढंच. एका ‘हौ’मध्ये मी स्वतःचीच लहान बहीण होऊन बसली. मंग तर काय, सगळ्याईले तोंड फुटलं. लग्न झालं काय तिचं? बापाच्या तेरवीले आलती काय? मी म्हणलं, आलती. किती दिवस राह्यली? म्हणलं, एकच दिवस, काम राहते. मंग सगळे मिळून तिच्यावर बिघडले. काकूची लेक म्हणे, “मोठी साहेबीण झाली म्हणून काय बापासाठी दोन दिवस नाही काढता येत?” आन् बाबा, ऐका, मले तिचा राग आला! जी बाई या दुनियेत नाही तिच्यावर मी पण दात खाऊन राह्यलती, की खरंच, थांबली असती दोन दिवस तर काय झालं असतं!

उतरताना आजीनं माह्या गालावरून हात फिरवला. म्हणे, “तू इथं राहून आईले पाहते, गाडी हाकते. पण तुझा बाप तुझं नाव कधी काढत नव्हता वो. निरं थोरलीचंच.”

हे तिनं मायेनंच म्हणलं. पण मी घरी येऊन जेवली नाही.

काल भाऊबीज. मी ठरवूनच निघाली की पुतलीची मान फिरवीन, पणती शोधून देईन, माळा मोजीन, पण कलेक्टरेटपुढं खरं सांगीन. कालच्या गाडीत वारासिवनीचे एक रिटायर गुरुजी होते, आन् त्यांची बायको, त्यांची बहीण. गुरुजी दर वर्षी बहिणीले घेऊन येतात म्हणे. मी इंजिन बंद केलं. माईक बंद केला. मांगं वळून बसली आन् सांगतलं. थोरली कोणी नाही. मी एकटीच आहे. पीएससी मी दिली, आन् मी नापास झाली. बाबानं ते मनानं रचलं.

गुरुजी एकदम हळू आवाजात, शाळेत मुलाले समजावतात तसं म्हणले, “बेटा, बहिणीची नोकरी लागली म्हणून असं जळायचं नसते.”

“गुरुजी, मीच ते! मार्कशीट दाखवू काय?”

“हौ, तू नापास झाली असशील,” गुरुजी म्हणले. “ते पास झाली, हे आमाले माहीत आहे.”

गुरुजीच्या बायकोनं उतरताना करंज्यांचा डबा दिला. माह्यासाठी नाही! “थोरलीले भोपाळले पाठव, आन् तू मन मोठं ठेव,” म्हणे. त्या करंज्या मी आन् आईनं आज सकाळी चहासंगं खाल्ल्या. चांगल्या होत्या, खोबरं भरपूर होतं.

तवाच मी आईले विचारलं. आईले माहीत होतं, बाबा. म्हणे, तिसऱ्या निकालाच्या सालची गोष्ट. गाडीतल्या कोणी विचारलं, पोरगी काय करते, आन् तुमच्या तोंडातून निघून गेलं. मंग पुढच्या साली तेच लोकं आले आन् विचारलं, साहेबीण कशी आहे. “वापस कसं घेऊ आता, असं म्हणत होते,” आई म्हणे. नाही घेता येत, हे मी परवापासून समजून चुकली. पण तुमच्यापाशी सहा दिवाळ्या होत्या, बाबा. माह्यापाशी दोनच संध्याकाळा झाल्या, आन् मी खरं सांगून पाह्यलं!

तुमाले आठवते काय तिसऱ्या निकालाचा दिवस? पेपराले तिन्ही डाव तुमीच मले जबलपूरले नेलं, सेंटरच्या बाहेर दिवसभर व्हॅनमध्ये बसून राह्यले, आतून येऊन पाहावं तर घामानं शर्ट पाठीले चिकटलेला. आन् निकाल लागला तवा तुमी एकच वाक्य बोलले, “भात गरम आहे, जेव.” मले किती बरं वाटलं होतं! मी म्हणलं, माह्या बापाले काही फरक पडत नाही, पास होवो की नापास. त्या एका वाक्यावर मी इतके वर्षं मान वर करून राह्यली. लोकाईनं टोमणे मारले तरी मले काही वाटलं नाही. आन् तुमी तिकडं दर दिवाळीले, झालरीच्या उजेडात, मले पास करून राह्यले!

फरक पडत होता तर मले सांगायचं ना. माह्यावर ओरडायचं, भांडायचं. मी भांडली असती, रडली असती, दोन दिवसात मिटलं असतं. आता कोणासंगं भांडू? पर्च्यासंगं?

आन् सगळ्यात वाईट काय माहीत आहे? मले तुमची आठवण येते. काल त्या घरघरत्या माईकवर पुतलीची गोष्ट सांगता सांगता मी तुमच्यावाणीच मधात खोकली, आन् लेकरं हसले. मले तवाच गाडी बाजूले घ्यावी वाटली. एवढा राग आन् एवढी आठवण संगच येते, आन् मले ते झेपत नाही जी.

मी परीक्षा पुन्हा देणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुमची थाप खरी करायले मी पुस्तक उघडणार नाही. आन् थोरलीले मारूनही टाकणार नाही, लोकं तिच्यासाठी हात जोडतात. तिचं काय करायचं ते मी ठरवलं आहे. आज संध्याकाळी तिची दिल्लीले बदली करते. पुढच्या दिवाळीले तिचं लग्न लावीन, चांगला नवरा पाहून देईन. मंग दोघाईले परदेशात धाडीन, तिथून येणं-जाणं कठीणच राहते.

आन् आजपासून, तिचं सांगून झालं की त्याच कलेक्टरेटच्या फाटकापुढं, इंजिन बंद करून, तुमी कधी न सांगतलेली गोष्ट सांगीन. म्हणीन, या गाडीवाल्याले एक लहानी पोरगीही होती. तीन डाव पेपर दिले, तिन्ही डाव पडली. बापानं शिकवलं नाही तरी गाडी शिकली. तिचं नाव वैशाली. गुरुजी मानोत का न मानोत. वचन देते, बाबा, ही गाडी चालते तोवर, हरेक फेरीले, मी तिचं नाव काढीन.

तुमची एकुलती एक,
वैशाली