बाविसाव्या बाकाचा हक्क

मी, एल्नेथन क्रॉकर, वय वर्षे चौपन्न, राहणार सॅबिन्स हार्बर, मॅसॅच्युसेट्स. धंदा पूर्वी जहाजवाल्यांच्या पेढीत हिशेबनीस, त्यानंतर कादंबरीलेखन. हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर कित्येकांच्या सांगण्याविरुद्ध लिहून ठेवीत आहे. माझे हृदय अधू झाले आहे. बुद्धी शाबूत आहे. गेल्या कादंबरीनंतर गावात याविषयी शंका निघाल्यामुळे डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी लिहिलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर, सफरचंदाची बाग व सर्व सामान माझी अविवाहित बहीण टॅबिथा हिला मिळावे. लिहिण्याचे मेज खिडकीपासून हलवावे असे ती अनेक वर्षे म्हणत आली आहे. आता हलवावे.

२. छापलेल्या पुस्तकांचे हक्क व अप्रकाशित कादंबरीचे हस्तलिखित टॅबिथालाच. अट एकच. नायिका शेवटी ज्वराने मरावी, म्हणजे वाचकांना रडता येईल, असे बॉस्टनच्या प्रकाशकांनी सुचवले होते. रडून झाल्यावर वाचक पुस्तक मिटून जेवायला बसतो, हा माझा अनुभव आहे. ती जगते. तिला मारण्याचा अधिकार मी कोणासही देत नाही.

३. आमच्या प्रार्थनासभेचे कारभारी डीकन अमासा टाउल यांस नव्या पुस्तकाची जोडून आलेली पाने कापण्याची माझी हस्तिदंती सुरी द्यावी. माझ्या ज्या पुस्तकाचा त्यांनी भर सभेत निषेध केला, त्याची प्रत त्यांच्या दिवाणखान्यात आहे. तिचे एकही पान कापलेले नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

४. प्रार्थनाघरातील बाक क्रमांक बावीस, त्याभोवतीचा लाकडी कठडा, कठड्याचे दार, कडी व गादी यांसह, माझ्या वडिलांनी खरेदीखताने घेतलेला असून तो घराइतकाच माझ्या मालकीचा आहे. बाकाच्या मालकास सभेत मत असते. हा बाक मी श्रीमती डॉर्कस प्रिमस यांस देत आहे.

डॉर्कसबाई शिवणकाम करतात. त्या कृष्णवर्णीय असल्यामुळे त्यांना वरच्या सज्जात बसवले जाते. माझी दिवंगत पत्नी लिडिया त्यांची मैत्रीण. एका जानेवारीत, सज्जात श्वास गोठत असताना, लिडियाने त्यांना खाली आमच्या बाकात आणून बसवले. पहिले स्तोत्र संपण्याआधीच डीकन टाउल बाकाच्या दाराशी आले आणि हळू आवाजात म्हणाले की बाईंची जागा वर आहे.

लिडिया म्हणाली, "डीकन, दारावरचा हात काढा. आत माणसं बसलीत."

"लिडियाबाई, रीत मोडू नका."

"रीत तुमची असेल. बाक माझा आहे."

पुढच्या रविवारी दाराला खिळे ठोकलेले आढळले. मी ते सर्वांसमक्ष उपटले. लिडिया वारल्यावर सभेने बाक विकत घेण्याची तयारी दाखवली. किंमत चांगली होती. मात्र हा बाक पुढे कोणाही कृष्णवर्णीयास विकता येणार नाही, अशी ओळ नव्या खरेदीखतात होती. मी सही केली नाही.

या कलमाविषयी डॉर्कसबाईंना विचारले तेव्हा त्या आधी हसल्या. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही सुटाल मरून. दर रविवारी तिथं बसायचंय मला."

कलम गाळू का, असे मी विचारले. त्यांनी आधी सुईत दोरा ओवला.

"गाळा कुठं म्हटलं मी? लिहा. पण बसू द्यावं असं लिहू नका. बाक माझा आहे, असं लिहा. दया मला सज्जातही मिळते."

त्यानुसार लिहितो: बाक क्रमांक बावीस डॉर्कस प्रिमस यांच्या पूर्ण व कायम मालकीचा राहील, वापरण्याच्या, विकण्याच्या, वारसांस देण्याच्या व सभेत मत देण्याच्या अधिकारासह.

५. प्रार्थनाघरामागील ज्या जमिनीवर रविवारी सभासदांचे घोडे बांधण्याच्या पागा उभ्या आहेत, ती जमीन माझी आहे. पागांना माझ्या वडिलांनी तोंडी परवानगी दिली होती. लेखी काहीही नाही, याची डीकन टाउल यांनी खात्री करून घ्यावी. ही जमीन मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक रूबेन लॅथ्रॉप, वकील, यांच्या ताब्यात विश्वस्त म्हणून देतो. बाविसाव्या बाकाचे दार मालकिणीस उघडे असेल तोवर परवानगी चालू राहील. खिळा, कुलूप किंवा कोणाचा हात आडवा आल्यास त्याच आठवड्यात पागा उतरवाव्यात, मग बर्फ पडत असला तरी. घोड्यांशी माझे वैर नाही. परंतु आमच्या सभासदांना शेजाऱ्याच्या अपमानापेक्षा स्वतःच्या घोड्याचा खोकला लवकर ऐकू येतो, असे मी पाहिले आहे.

६. माझ्या दफनाच्या दिवशी शवपेटी प्रार्थनाघराच्या बाहेर, पायरीवर ठेवावी. डॉर्कसबाईंनी मधल्या वाटेने जाऊन बाविसाव्या बाकात बसावे व दार आतून लावून घ्यावे. त्यानंतरच पेटी आत न्यावी व प्रार्थनेस आरंभ करावा. दार उघडले न गेल्यास पेटी उचलून थेट लिडियाशेजारी पुरावी. प्रार्थना डॉर्कसबाई म्हणतील, त्यांनी तसे कबूल केले आहे. पायरीवर किती वेळ लागेल हे सभेने ठरवावे. मला घाई नसेल.

हा मजकूर मला कोणी वाचून दाखवलेला नाही. तो मीच लिहिला आहे.

एल्नेथन क्रॉकर (सही)

क्रॉकर यांनी आम्हा तिघांच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या देखत. या पत्रान्वये आम्हांस काहीही मिळत नाही.

हायरम स्लोकम, शिडे शिवणारा (सही)
प्रुडन्स वेअर, शाळामास्तरीण (सही)
ओबेड टकरमन, दीपगृहाचा रखवालदार (सही)

सॅबिन्स हार्बर, दिनांक १४ नोव्हेंबर १८५३