बावीस पायऱ्या

४ मार्च १९७४, सोमवार
धरमपेठेतल्या या नर्सिंग होममध्ये आज मेट्रन म्हणून रुजू झाले. खोली स्वच्छ, खिडकीला वाळ्याची ताटी, चहा बरा. डॉक्टर मधुकरराव माझे मानलेले भाऊ. वीस वर्षं भाऊबीजेला ओवाळते. माझ्या हृदयाची झडप नीट मिटत नाही, हे ओळखलं तेही त्यांनीच. इथे पायाची, घोट्याची ऑपरेशनं होतात. रोगी बहुतेक म्हातारे, मधुमेहाचे, दमेकरी. त्यांना पूर्ण भूल दिली तर ते जागे होतीलच असं नाही. घोट्याभोवती इंजेक्शनं देऊन पाऊल तेवढं बधिर केलं की भागतं. वेळ लागतो. लागू दे.

५ मार्च
नियम घातला. ऑपरेशनची खोली वर, पायऱ्या बावीस. न थांबता चढेल त्यालाच पूर्ण भूल. धाप लागली किंवा पायच टेकवत नसला, तर पावलापुरतीच. निकाल रोग्याच्या कार्डावर, खाली माझी सही; भूल त्यावरूनच ठरणार. नरखेडचे मारोतराव, सडलेला अंगठा घेऊन म्हणाले, "मॅडम, संत्र्याच्या झाडावर चढतो मी, हा जिना कायले दाखवता मले?" आणि अकराव्या पायरीवर बसकण मारली! पाऊल बधिर करून अंगठा काढला. टेबलावरूनच चहा मागत होते.

८ मार्च
औषधांसाठी सदर बाजारात जायचं होतं. नर्स गोपिका माझ्याच हाताखाली शिकलेली, चोख. वीस कोऱ्या कार्डांवर सह्या करून तिच्याकडे दिली.

११ मार्च
उमरेडच्या विणकर अंजनाबाई टेबलावरच गेल्या. पूर्ण भूल. कार्डावर गोपिकेचं अक्षर: 'जिना चढल्या. धाप नाही.' खाली माझी सही.
त्यांना खाटेवर उठून बसतानाही दम लागायचा. शिपाई चंद्रभानला खडसावलं. त्याने खुर्चीत बसवून वर नेलं होतं. बाई विचारत होत्या म्हणे, "काहून गा, इतक्या वर कायले नेऊन राहिला मले?" हुकूम मधुकररावांचा. पावलापुरत्या भुलीत त्यांचा अर्धा तास जातो.
सह्या मात्र मी केल्या.

१३ मार्च
दुपारी जेवणाच्या वेळी जिन्यात पावलं. एक पाय ओढत. अकराव्या पायरीवर थांबली. धाप. जाऊन पाहिलं. कुणी नाही.

१४ मार्च
आज पंधराव्या पायरीपर्यंत. गोपिकेलाही ऐकू येतं. मान खाली घालून पट्ट्या गुंडाळत राहते.

१६ मार्च
मधुकररावांना तोंडावर सांगितलं: सोमवारी उमरेडला जाऊन अंजनाबाईंच्या लेकाला सगळं खरं सांगणार. ते म्हणाले, अवश्य जा ताई, माझी गाडी ने.

१७ मार्च
एकविसावी पायरी. मी मागोमाग चढत गेले. धाप अगदी कानाशी — तोल गेला. घोटा मोडला.

१८ मार्च, सोमवार
मधुकररावांनी डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. पाऊल तेवढंच बधिर करू.
गोपिका रडते आहे. तिच्या हातून कार्ड ओढून घेतलं.
'जिना चढल्या. धाप नाही.' खाली माझी सही. त्या विसांतलीच.
घोटा मोडलेली बाई जिना चढली. आणि माझा भाऊ —

ओरडले. कुणी आलं नाही. चंद्रभानने मला खुर्चीत बसवून वर आणून ठेवलं, माझ्याकडे बघत नाही. वही पदराखाली. आत ईथरचा, पूर्ण भुलीचा वास —

अंजनाबाई वर पोचल्या असाव्यात. त्यांची धाप थांबली.

खाली पहिल्या पायरीवर आता दुसरंच कुणी. मोडका पाय ओढत. ही धाप ओळखते मी, ही तर माझ्याच —