सिंधूबाईंचं बोलणं

हैफा, इस्रायल, सोमवार

ती. आबा,

एवढ्या लांबून तुमच्या आन् आईच्या पाया पडते. मी बरी हाय, पोटभर जेवते. आईचा गुडघा कसा हाय? केंदूरात कांदा काढून झाला का?

माझं मात्र डोकं फिरलंय. आपल्या पाटसच्या सिंधूबाई इथं एका म्हातारीची सेवा करायच्या, मी पूर्वी करायची तशीच. म्हातारीच्या मुलानं पासपोर्ट काढून घेऊन त्यांना दोन महिने घरात कोंडलं. सुटल्यावर त्या माझ्यापाशी बोलल्या. मी सगळं हिब्रूत करून माझ्या पेपरला दिलं. छापून आलं तवा 'कोंडून ठेवलं'च्या जागी 'घरच्यासारखं ठेवलं' होतं, आन् खाली माझं नाव!

मी तडक संपादकाकडं गेले. तो हसला. म्हणाला, "म्हातारीचं अंथरूण बदलणारी तू. तुला लेखणी आम्ही दिली."

"हिब्रू मला माझ्या म्हातारीनंच शिकवली," मी ओरडले. "तुम्ही न्हाई."

नोकरी तिथंच सोडली. व्हिसाचं काय ते बघते, आईला यातलं सांगू नका.

तीच मुलाखत मी दुसऱ्या पेपरला दिली, त्यांनी आज जशीच्या तशी छापली. सिंधूबाईंना हिब्रू वाचता येत न्हाई, म्हणून मी फोनवर मराठीत वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "व्हय बाई. असंच म्हणले होते मी."

तुमची लेक,
वैजयंता